धुतलेला स्पंज

दुसऱ्याच्या घरातली घाण वन्संना उंबऱ्याबाहेरूनच दिसायची. इंदू भाजी घेऊन परतली, तोवर त्यांनी माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र केला होता.

"नळाखाली खळखळून धुतला. काय गं तो गाळ!"

त्या गाळातल्या जिवाणूंत इंदूच्या नवऱ्याच्या आठवणी साठवलेल्या होत्या. मेल्यावरही तीन वर्षं दिगंबर टाकीतून बोलत होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून ती स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायची.

"अहो," इंदूने हाक मारली. नुसते बुडबुडे आले. तिने मेथी निवडायला घेतली.

"दादा बोलत का नाही गं? मी त्याच्यासाठीच तर आले."

"दमलेत. तुम्ही बोला, ते ऐकतात."

वन्सं खुर्ची ओढून टाकीपाशी बसल्या आणि भावाला सांगलीच्या बातम्या सांगू लागल्या.