उसनं पचन

"तुझं पचन परत घे, वृंदा. त्यात खोट आहे," हेमांगी दारातूनच म्हणाली.

वृंदा नुकतीच जेवायला बसली होती. धाकट्या जावेचं हे पचन हेमांगीनं पंधरा दिवसांसाठी आपल्या घरी उसनं नेलं होतं. दवाखान्यात तासाभरात दोघींच्या पचनाची अदलाबदल झाली होती. स्वतः भात सोडून, लिंबू-मध पिऊन दिवस काढताना, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवणारी ही शिडशिडीत वृंदा बघून हेमांगीचा वर्षानुवर्षं जळफळाट व्हायचा. पंधरा दिवस तिनंही भाकरी-लोणी हाणलं, आणि वजन तीन किलोंनी वाढलं. वृंदाचं मात्र हेमांगीच्या पचनावरही छटाकभर वाढलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, दोघींचं पचन मुळात सारखंच होतं," वृंदा म्हणाली.

"मग तू माझ्यापासून काय राखून ठेवलंस?"

तेवढ्यात कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी आतून हाक मारली. वृंदा घास टाकून उठली, त्यांना कुशीवर वळवून, पाठ पुसून परत आली. बसते न बसते तोच दुसरी हाक आली. पानातली अर्धी भाकरी लोण्यासकट गार झाली होती.

"जाऊबाई," उठता उठता ती म्हणाली, "पचन नेलंत, तेव्हा सासूबाईंनाही न्यायचं होतंत."