दोन नाणी, भाव दोन

सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या तशी वहिनीनं खुर्चीसकट एक गिरकी घेतली.

क्रिप्टो नाण्यांच्या खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कचेरीत ती नुकतीच रुजू झाली होती. त्याआधी मुलगी शाळेत रुळेपर्यंत ती घरीच होती. आज तिचं पहिलं काम बाहेर पडणार होतं. नाणी किती, भाव काय, त्यावरून सौद्याची रक्कम काढायची. आणि ती बरोबर निघते का हे तपासणाऱ्या छोट्या छोट्या टेस्ट लिहायच्या, बरोबर तर हिरवी, चूक तर लाल. तिथंच वरिष्ठ असलेल्या नणंदेनं होकार दिला की झालं. घरी ती नणंदेला वन्सं म्हणायची. ऐकून ऐकून आता अख्खी कचेरीच म्हणायला लागली होती, मॅनेजरसुद्धा.

वन्सं आल्या, उभ्या उभ्याच स्क्रीन वाचली. मग वाकल्या, वहिनीच्या कोडमधलं गुणाकाराचं चिन्ह पुसलं आणि तिथं अधिक टाकलं.

“अहो वन्सं! हे काय करताय?”

“मुद्दाम मोडतेय. चालव आता टेस्ट. लाल व्हायला हव्यात.”

वहिनीनं चालवल्या. सगळ्या हिरव्यागार.

शेजारच्या डिझायनरनं मान उंचावली. वहिनी आपलेच आकडे डोळे बारीक करून पाहू लागली. खरेदी असो नाहीतर विक्री, हिशेब तोंडी व्हावा म्हणून तिनं सगळीकडे नाणी दोन घेतली होती आणि भावही दोनच. दोन गुणिले दोन चार. दोन अधिक दोन, तेही चारच!

डिझायनर फिसकन हसला. मग मागची रांग हसली. वहिनीचे कान तापले. नणंदेनं शब्द टाकला म्हणून हिला घेतली, असं कुणीतरी म्हणणारच होतं. आता तर बोलायला निमित्तच मिळालं.

“तुझा कोड बरोबर आहे गं,” वन्सं हळूच म्हणाल्या. “पण टेस्ट होयबा आहेत. काहीही केलं तरी मान डोलावतात. चार वाजेपर्यंत वेळ आहे, जरा भांडकुदळ टेस्ट लिही.”

तेवढं बोलणं पुरलं. वहिनीनं बाह्या सरसावल्या आणि वेडेवाकडे आकडे शोधायला लागली. सात नाणी आणि भावात लांबलचक अपूर्णांक. भाव गगनाला भिडलेला आणि नाण्याचा जेमतेम तुकडा. मग तिनं स्वतःच गुणाकार मोडून पाहिला. टेस्ट लालभडक झाल्या, तशी तिनं टाळी वाजवली. गुणाकार परत जागेवर ठेवला. एक सोडून सगळ्या हिरव्या झाल्या. विकणाऱ्याच्या हाती शेवटी किती पडतं ते पाहणारी ती एक काही केल्या हिरवी होईना.

वहिनीनं कागदावर मांडून पाहिलं. पुन्हा मांडलं.

“वन्सं, जरा या ना इकडे. माझी रक्कम बरोबर येतेय. पण त्यातून आपण दलाली कापतो ना, तिथं घोळ आहे. एखाद्यानं नाण्याचा कण विकला, तर आपली किमान दलालीच त्या रकमेपेक्षा जास्त होते. म्हणजे बिचारा नाणंही देणार आणि वर पदरचे पैसेही!”

“दलालीचा कोड कुणाचा?” मॅनेजरनं मागून विचारलं.

डिझायनर छताकडे बघू लागला. वन्संनी चष्मा वर ढकलला, लाल ओळ नीट वाचली.

“माझा,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून असाच आहे.”

“मग आज काही बाहेर सोडायचं नाही,” मॅनेजर म्हणाला.

वन्सं खुर्ची ओढून वहिनीशेजारी बसल्या. वहिनीची बोटं थांबायला तयार नव्हती.

“थांबा, आता आकडा उणे टाकून बघते. वन्सं, तुम्ही लिहिलेलं अजून काय काय आहे हो?”

वन्सं हसायलाच लागल्या. हसत हसतच त्यांनी भावाला फोन लावला.

“दादा, मुलीला शाळेतून तूच आण, आणि स्वयंपाकालाही तूच लाग. नाही रे, सगळं ठीक आहे. तुझ्या बायकोला माझी चूक सापडलीय. ती काही आता इथून हलत नाही.”