सोबतीचा अर्धा कप

डॉक्टरीणबाईंनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. टोपी कारखान्यातला म्हातारा कारागीर समोरच्या स्टुलावर बसला होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल खुपसून. त्या कार्डावर त्याची नोकरी अवलंबून होती. पेन्शनला पाच महिने उरले होते.

सशाचे केस एकमेकांत घट्ट बसून त्यांचं फेल्ट, म्हणजे टोपीचं जाड कापड, व्हावं, म्हणून कारखान्यात कातडी पाऱ्याच्या पाण्याने माखत. पारा आम्लात विरघळवून केलेलं ते पाणी वाळलं, की त्याची धूळ कपड्यांवर, केसांत बसायची. आधी हात थरथरायचे. मग माणूस बुजायला, चिडायला, विसरायला लागायचा. याच्या बापाचं तेच झालं होतं. टोपीवाल्याकडून कुणी दाढी करून घेऊ नये, असं लोक हसत हसत म्हणत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

अलीकडे दर महिन्याला कार्ड मिळायचं. शनिवारी घरी न्यायचं, त्यावर पेनाने एक वेटोळं काढायचं, गोगलगायीच्या शंखासारखं, आणि सोमवारी परत आणायचं. रेघ थरथरली, की माणूस घरी. कामाचा वेळ मोडू नये म्हणून कारखान्याने ही परीक्षाच घरी धाडली होती. तिथे पेन कुणाच्या हातात आहे, हे बघायला कोण जातंय?

याचं वेटोळं गेले आठ महिने बायको काढत होती. तिने उभा जन्म भरतकाम केलेलं, रेघ छापल्यासारखी. पहिल्यांदा तो नको म्हणाला, डॉक्टरांना फसवायचं त्याच्या जिवावर आलं. "अहो, टोपी घालणं हा आपला पिढीजात धंदाच आहे," ती म्हणाली, आणि मान खाली घालून तिने वेटोळं पुरं केलं. तेव्हापासून कार्ड पाकिटात घालून ती त्याच्या हाती द्यायची. तो उघडूनही बघत नसे.

तिचा त्याच्यावर जीव होता, पण ते बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. रोज संध्याकाळी ती त्याचा कोट स्वयंपाकघरात टांगून ब्रशने झाडायची. शेजाऱ्यांकडे धूळ नको, म्हणून खिडकी लावून घ्यायची. चहा सांडला की तो ओशाळतो, हे पाहून ती त्याला अर्धाच कप देऊ लागली. हल्ली स्वतःही अर्धाच घ्यायची. तुम्हाला सोबत, म्हणायची. भरतकामाचा म्हणे तिला कंटाळा आला होता. या वयात एवढी माया कुणाच्या वाट्याला येते, असं वाटून तो मनातल्या मनात सुखावायचा.

"काका, या वेळी रेघ जरा हललीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, की थरथर अगदी बारीक आहे, वयाने असेल असं लिहिते, पाच महिने निघून जातील. त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

त्याचा जीव भांड्यात पडला. आभार मानावेत म्हणून त्याने मान वर केली, पण मधेच नजर कार्डावर अडकली. बाहेरच्या वळणावर रेघ दातेरी झाली होती. आतल्या वळणावरही. तो बघत राहिला. त्याला चहाचा अर्धा कप आठवला. स्वतःचा नव्हे, तिचा.

त्याने दोन्ही हात खिशातून काढले आणि टेबलावर ठेवले. काचेच्या पेल्यातला चमचा किणकिणायला लागला. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"हे माझे हात, डॉक्टर," तो म्हणाला. "वेटोळं बायकोनं काढलंय. आधी तिला तपासा."