बकऱ्याच्या बदली

सानगडीच्या बाजारात मिशनचे मास्तर सायकल झाडाला टेकवून बायबलातली गोष्ट सांगत होते. इफ्ताह नावाच्या सरदारानं देवाला शब्द दिला, लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा बळी देईन. नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक लेक. शब्द दिला होता, म्हणून त्यानं तिचाच बळी दिला.

"बाप होय का कसाई!" टेकचंद थुंकला.

त्याची बायको सत्यभामाबाई दमून खाली बसली होती. "त्याच्या गावात कोहळा नोहोता काय जी? आमी तं नवसाच्या बकऱ्याच्या बदली कोहळा कापतो. देव कधी रागावला नाही."

मास्तरांनी झाडाला टेकवलेली सायकल काढली.

घरी त्यांची लेक शकुन अजून रडतच होती. तिच्यासाठी ठरवलेला बिजवर तिच्या बापाच्या वयाचा होता.

"चार लोकाइत जबान देऊन बसलो," टेकचंद म्हणाला. "आता कसा पलटू?"

सत्यभामाबाईनं आढ्याला टांगलेला कोहळा सोडला आणि विळ्यासकट त्याच्यापुढे ठेवला.

"कापा," ती म्हणाली, "अन् जेवाले बसा."