वाढत्या अंगाचा

बाबांच्या उशाशी बसून लेकीने बास्केटबॉलचा ऑनलाइन खेळ उघडला. नव्या हंगामात दोघांच्या संघासाठी नवा खेळाडू निवडायचा होता. पूर्वी शिवणकाम आटोपलं की बाबा गळ्यातली टेप थेट कॉम्प्युटरला लावून पडद्यावरच्या खेळाडू पोरांचे खांदे मोजायचे. "अहो बाबा, चित्रं सगळ्यांची सारखीच असतात!" ती पोट धरून हसायची. "हा वाढत्या अंगाचा आहे," म्हणत बाबा सगळ्यात कच्चा पोरगा उचलायचे आणि सराव देऊन घडवायचे. आता ते अंथरुणातून उठत नव्हते, त्यांना दिसतही नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. "तयार खेळाडूच घेऊया. याच हंगामात कप आपला," ती म्हणाली. "कच्चा कोण?" "एक आहे. पण घडायला पाच वर्षं लागतील." "मोज बघू." तिने खुंटीवरची टेप पडद्याला लावली. हसू आलं नाही. "वाढत्या अंगाचा आहे, बाबा." "मग तोच घे. टेप तुझ्याकडेच राहू दे."