माशांचा चार्ज

“चिमूटभरच टाकायचं. जास्त झालं की पाणी गढूळ होतं. आणि हा काळा मासा भित्रा आहे. बाकीचे खाऊन बाजूला झाले, की त्याला वेगळं घालायचं.”

“मी काय तुझी नोकर आहे, दादा? तूच घाल ना.”

“शिकून घे ग. आता तुझेच आहेत ते.”

दाराशी बूट चढवणारी आई हे कौतुकाने ऐकत होती. तिची हयात इस्पितळात परिचारिका म्हणून गेली होती, आणि आताही दुपारपाळीला निघण्याची वेळ झाली होती. कित्येक महिने घुम्यासारखा बसून राहणारा तिचा सोळा वर्षांचा मुलगा अलीकडे एकदम शांत, समंजस झाला होता. त्याने खोली आवरली होती. जिवापाड जपलेली बॅट मित्राला देऊन टाकली होती. पोरगा मार्गी लागला, असे तिने कालच बहिणीला फोनवर सांगितले होते.

शिवाय सांगण्याची ही रीत तिचीच होती. पाळी संपली, की जाणारी परिचारिका येणारीला वॉर्डाचा चार्ज देते: कोणाला काय द्यायचे, कोण घाबरट, कोणावर विशेष लक्ष ठेवायचे. काहीही मनात ठेवून जायचे नाही, हा नियम. पोराने वळण अगदी आपले उचलले, असे मनात येऊन ती हसलीसुद्धा.

दुसऱ्या बुटाची नाडी मात्र तिच्या हातात तशीच राहिली. चार्ज देतो तो जाणारा.

विचारावे, तर नसते खूळ आपणच त्याच्या डोक्यात घालू, अशी भीती तिला वाटली. पण ‘दुखतं का’ असे विचारल्यामुळे एखाद्याचे दुखणे सुरू झाले, असे तिने आजवर कधी पाहिले नव्हते. तिने धाकटीला शेजारच्या काकूंकडे पाठवले आणि ती मुलाजवळ फरशीवर बसली.

“जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?”

तो माशांकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले.

“कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला.

ती रागावली नाही. तिने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्याने इस्पितळात फोन लावला. “आज मी कामावर नाही. मुलाला घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे येते आहे, त्यांना थांबवून ठेव.” मग ती त्याच्याकडे वळली. “आता तुझा चार्ज मला दे, राजा. काही मागे ठेवू नकोस.”

तो बोलत गेला. तिने मध्ये एकदाही समजूत घातली नाही.

दोघे निघाले तेव्हा धाकटी माशांच्या खाण्याची डबी घेऊन काकूंच्या दारात उभी होती.

“मासे नक्की कोणाचे? एकदा काय ते ठरवा.”

त्याने तिच्या हातातली डबी काढून घेतली.

“उद्याचं खाणं मी घालतो,” तो म्हणाला. “परवाचं परवा बघू.”