दादाचा चॅनल

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक.

भर दुपार. स्टुडिओत दोघंच. रेकॉर्डिस्टकाका लाइव्ह अल्बम मिक्स करतायत. लोकगीतं गिटार-ड्रम्सवर दणकून वाजवणारा तो बँड. त्यांची नवी गायिका, चिमणी, शेजारी मांडी घालून बिस्किटं खातेय. आधीची गायिका स्टेजवरून पडली, कंबर मोडली, म्हणून हिला घेतलेलं. हिचा पहिलाच अल्बम, स्वारी हवेत.

तर तिसरं गाणं संपतं. पब्लिक ओरडतंय, "चिमणी, चिमणी!" बँडचं नाव कुणी घेत नाहीये, दादाचं तर नाहीच. दादा म्हणजे बँड ज्याचा तो. मग दिवे जातात. आता यांची पद्धत अशी, की अंधारात कुणी कुठे सरकायचं ते दादा माइकवर सांगतो. फक्त यांच्या इअरफोनमध्ये ऐकू येतं. तो चॅनल रेकॉर्ड करायचाच नसतो. काकांनी चुकून केला होता.

काकांनी तो लावला.

"चिमणे, दोन पावलं मागे. अजून एक. ये ना, अजून एक."

काका हसले. "आणि दिवे आले तरी तू तिथंच, ढिम्म हलली नाहीस? दादाचंही ऐकत नाहीस होय गं?"

"इअरफोन बंद पडलेला काका. चार्जिंग संपलं होतं." तिनं हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "पण मागे कुठे? मी मागच्या कडेलाच उभी होते. माझ्या मागं स्टेजच नव्हतं."

काकांनी परत लावलं. तोच आवाज. लहान मुलाला जेवायला बोलवावं तसा गोड.

"आधीच्या ताईसुद्धा," ती हळूच म्हणाली, "अंधारातच पडल्या ना?"

काकांनी आवाज बंद केला. तेवढ्यात दार ढकलून दादाच आत आला. बाहेर कधीपासून उभा होता, कुणास ठाऊक. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कसला कचरा भरून ठेवलायस? पुसून टाक तो चॅनल. आत्ता, माझ्यासमोर."

मग खिशातून एक डबी काढून त्यानं चिमणीच्या हातात दिली.

"उद्याच्या शोला नवा इअरफोन. हा नाही हं बंद पडायचा."

चिमणी काकांकडे बघतेय. काकांचं बोट डिलीटवर. खांद्यावरचा हात काही उचलला जात नाहीये.

सांग, काकांच्या जागी तू काय केलं असतंस?